थंडीच्या संदेशात आगीचे नाव नाही

हिवाळ्यात उत्तरेचे गार वारे सुटले की जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर एक संदेश येतो. येत्या दोन-तीन दिवसांत किमान तापमानात घट होईल, पिकांना रात्री हलके पाणी द्यावे, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करावा, जनावरे आडोशाला बांधावीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना जपावे. या संदेशातले प्रत्येक वाक्य चांगल्या हेतूने लिहिलेले असते आणि बहुतेक वाक्ये बरोबरही असतात. तरी तो वाचताना दर वर्षी एक गोष्ट खटकते. त्यात वाऱ्याचा उल्लेख क्वचित असतो, आणि आगीचा येतो तो ‘पेटवा’ असे सांगण्यापुरता. कोणत्या रात्री पेटवायचे नाही, पेटवलेले विझवायचे कधी, दुपारी वारा उठला तर राखेचे काय करायचे, याबद्दल एक अक्षर नसते.

अहिल्यानगर जिल्ह्यात थंडी आणि आग हातात हात घालून फिरतात, हे गावागावाला ठाऊक आहे. पेटलेला उसाचा फड, राख झालेली कडब्याची गंजी, ऊसतोड टोळीची जळालेली कोपी, डोंगराच्या अंगाने रात्रभर सरकणारी लाल रेघ. या चार बातम्या वर्तमानपत्रात चार ठिकाणी छापल्या जातात आणि सरकारदरबारी चार फायलींत जातात. एकीचा कागद महावितरणकडे, दुसरीचा तलाठ्याकडे, तिसरीचा पोलिसांत, चौथीचा वनखात्यात. त्यांचे मूळ मात्र अनेकदा एकाच हवेत असते. आमची मागणी त्या मुळाबद्दल आहे. थंडीचा इशारा देणाऱ्यांनी त्याच इशाऱ्यात वारा आणि आगही सांगितली पाहिजे, आणि ते फेब्रुवारीची वाट न पाहता हिवाळ्याच्या पहिल्या लाटेपासून झाले पाहिजे.

ही हवा कशी येते ते आधी पाहू. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून हिमालयाकडची कोरडी, गार हवा दक्षिणेला उतरते. अमेरिकेत किंवा युरोपात थंड हवेची जी आघाडी एखाद्या भिंतीसारखी अंगावर येते, तशी ती आपल्याकडे येत नाही. इथवर पोहोचेपर्यंत तिची धार बरीच बोथट झालेली असते. पण तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला दिवस-दीड दिवस वाऱ्याचा. उत्तरेचा बोचरा वारा रात्रीही वाहत राहतो, हवेतली ओल निघून जाते. मग वारा पडतो, आकाश स्वच्छ होते, जमीन रात्री उष्णता सोडू लागते आणि पहाटे पारा तळ गाठतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरले, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. निफाड, जेऊर यांच्या पंगतीला सर्वांत गार ठिकाणांच्या यादीत आपल्या नगरचे नाव दिसते ते बहुधा अशाच स्तब्ध पहाटेला.

बांधावरच्या धुराचा सल्ला या दुसऱ्या, स्तब्ध रात्रीसाठी आहे. हवा थांबलेली असेल तर धूर पिकावर पांघरुणासारखा थोडा वेळ रेंगाळतो आणि जमिनीची ऊब काही प्रमाणात धरून ठेवतो. वाहत्या वाऱ्यात तो क्षणात पांगतो. म्हणजे लाटेच्या पहिल्या रात्री, वारा सुटलेला असताना, द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेभोवती जाळ केला तर पिकाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. ठिणगी मात्र शेजारच्या उसात पोहोचते. एकच सल्ला एका रात्री उपयोगाचा आणि आदल्या रात्री घातक ठरतो. शेतकऱ्याला पाठवलेल्या संदेशात हा फरक सांगितलेला नसेल, तर तो सल्ला अपुरा आहे.

दुसरा धोका दिवसाचा. पहाटे हवा थिजलेली असते, शेकोटी सरळ जळते, माणसे उठून कामाला जातात. राखेखाली निखारा राहतो. दहा-अकराच्या सुमारास ऊन तापू लागले की वरच्या थरातला जोराचा वारा खाली उतरतो आणि पहाटेची ती राख दुपारी जागी होते. तोवर हवेतला दमटपणा उतरलेला असतो, गवतावरचे दव सुकलेले असते. सकाळी ज्या बांधावर पाय ओले होत होते, तोच बांध दुपारी काडीपेटीसारखा पेटतो. गावातल्या जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. ती शेकोटीवर तांब्याभर पाणी ओतूनच उठतात.

आता उसाकडे येऊ, कारण जिल्ह्यातले सर्वांत मोठे जळण डोंगरावर नसून उभ्या उसात आहे. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या लोणी-प्रवरानगरला १९५०च्या सुमारास झाली, तो हा जिल्हा. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासा हा सारा पट्टा उसाचा. गाळपाचा हंगाम नेमका थंडीचा. तोडीची वाट पाहत उभ्या असलेल्या उसाचे खालचे पाचट वाळून कडकडीत झालेले असते आणि त्याच्या डोक्यावरून शेतीपंपाच्या तारा गेलेल्या असतात. या तारांना झोळ पडलेला असतो, खांब कललेले असतात, काही ठिकाणी हात वर केला तर टेकेल इतक्या त्या खाली आलेल्या असतात. वारा सुटला की तारा एकमेकींना घासतात, वितळलेल्या धातूचे थेंब पाचटावर पडतात आणि पुढच्या अर्ध्या तासात चार-पाच जणांचे फड एकत्र जळतात. ‘तारा घासल्या’ या दोन शब्दांत शेतकरी ती घटना सांगतो आणि त्या दोन शब्दांत त्याचे वर्ष गेलेले असते.

जळिताचा ऊस कारखाना आधी नेतो, कारण तो लवकर गाळला नाही तर त्यातली साखर उतरत जाते. पण त्याच्या पैशांतून जळिताची कपात होते. ठिबकच्या नळ्या वितळून जातात, खोडव्याचे फुटवे करपतात, त्याचा हिशेब कुठेच धरला जात नाही. भरपाई मागायची तर पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, आग तारेमुळेच लागली याचा पुरावा. जळून गेलेल्या शेतात पुरावा शोधायला लावणे ही शेतकऱ्याची दुसरी होरपळ आहे. ती टाळण्याचा मार्ग आग लागण्याच्या आधीचा आहे आणि तो अवघडही नाही. झोळ काढणे, दोन खांबांमधले अंतर जास्त असेल तिथे मधे खांब टाकणे, तारांमध्ये स्पेसर बसवणे, तारांना टेकणाऱ्या फांद्या उतरवणे. ही कामे वायरमनला माहीत असतात. कोणत्या गटात तारा लोंबतात हे गावच्या पोरांनाही माहीत असते. कारखान्याच्या शेतकी खात्याकडे तर कोणत्या गटात ऊस कधी लागला आणि कधी तुटणार याची नोंदच असते. महावितरणचा नकाशा आणि कारखान्याची ऊसनोंद एकमेकांवर ठेवून पाहिली तर लोंबत्या तारांखालचा पक्व ऊस कुठे आहे ते दोन दिवसांत कळेल. तिथे तोड आधी द्यावी किंवा तारा आधी ओढून घ्याव्यात. हे काम गाळप सुरू होण्यापूर्वी व्हायला हवे. ज्यांनी ते केले नसेल त्यांनी पुढच्या लाटेपूर्वी तरी उरकावे.

कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८मध्ये पॅराडाइज नावाचे गाव जळाले आणि ८५ माणसे गेली. उच्चदाबाच्या तारेला धरून ठेवणारा एक जुना, झिजलेला आकडा तुटला, एवढ्यावरून ती आग सुरू झाली. त्यानंतर तिथल्या वीज कंपन्या जोराच्या कोरड्या वाऱ्याच्या काळात निवडक वाहिन्या आधीच बंद ठेवण्याचा मार्ग अधिक वापरू लागल्या. आपल्याकडे वीज बंद ठेवण्याची सूचना करताना जीभ अडखळते, कारण शेतीला वीज मिळते ती आधीच तुटपुंजी आणि पुष्कळदा रात्रीची. पण वाऱ्याचा इशारा असलेल्या दुपारी एखाद्या धोक्याच्या फिडरचा पुरवठा तेवढा वेळ थांबवून तेच तास वारा पडल्यावर भरून दिले, तर शेतकरी त्याला विरोध करील असे आम्हाला वाटत नाही. अट एकच, ते तास खरोखर भरून दिले पाहिजेत.

उसाबरोबर ऊसतोड कामगार आला आणि इथे आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची आणि शेजारच्या बीडची हजारो कुटुंबे या महिन्यांत कोप्यांत राहतात. बांबूच्या कामट्या, ताडपत्री, वर पाचटाचे छप्पर, आत चूल. कोप्या एकमेकींना खेटून. पहाटे तीन-चारला कोयता घेऊन आईबाप फडात निघतात आणि लेकरे आत झोपलेली असतात, किंवा थोरली पोर धाकट्याला घेऊन दारातल्या शेकोटीशी बसते. घराच्या भिंती, छप्पर, अंथरूण सारे जळणाऱ्या वस्तूंचे आणि ऊब मिळवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे उघडा जाळ. अशा ठिकाणी वारा सुटला तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शेकोटी पेटवू नका असे त्या आईला सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? तिला आधी पांघरूण दिले पाहिजे. कुटुंबामागे दोन जाड घोंगड्या हा कारखान्याला परवडणारा खर्च आहे. दोन कोप्यांत आणि रांगा-रांगांत अंतर ठेवून तळाची आखणी करणे, तळाभोवतीचे पाचट दहा-पंधरा फूट साफ करणे, चुली एका बाजूला, वाऱ्याच्या उताराला एकत्र ठेवणे, प्रत्येक रांगेपाशी पाण्याचे भरलेले पिंप आणि वाळू ठेवणे, हे मुकादम आणि शेतकी अधिकारी यांनी मिळून एका दिवसात करण्यासारखे काम आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे. या महामंडळाने गाळप परवान्याच्या वेळीच तळाच्या आगसुरक्षेची अट घालून घ्यावी. लेकरे पहाटे झोपेत असताना कोपीत कुणी मोठे माणूस नसते, ही गोष्ट त्या अटीच्या केंद्रस्थानी हवी. तळावर एक सांभाळणारी बाई, तिला पूर्ण हजेरी आणि एक पत्र्याची किंवा पक्क्या भिंतीची खोली, जिथे मुले एकत्र झोपतील. यापेक्षा कमी मागणी करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

डोंगराकडे वळताना जिल्ह्याचा विस्तार लक्षात घ्यावा लागतो. १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीचा मुसळधार पावसाचा प्रदेश, तर कर्जत-जामखेडकडे अवर्षणाचा माळ. दोन्हीकडचे गवत मात्र दिवाळीनंतर वाळायला लागते आणि डिसेंबर सरेपर्यंत उभ्याने पिवळे पडते. वारा कुठे जोराचा, हेही इथे शोधावे लागत नाही. पारनेरजवळचा कवड्या डोंगर, नगर तालुक्यातले खांडके, अकोले तालुक्यातल्या पट्टा किल्ल्याभोवतीची पठारे, इथे पवनचक्क्या उभ्या आहेत. ज्या माथ्यांची निवड वाऱ्याच्या वेगासाठी झाली, त्याच माथ्यांवर कुसळीचे कोरडे गवत कंबरेएवढे उभे असते. गर्भगिरीच्या रांगेत डोंगरगण, गोरक्षनाथगड, वृद्धेश्वर, मढी, मोहटा अशी देवस्थाने आहेत. तिथे माणसांची ये-जा आहे, वाहने आहेत, विडी-सिगारेट आहे, नैवेद्याच्या चुली आहेत.

वनखात्याचा आगीचा हंगाम कागदावर १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. जाळरेषा घेणे, हंगामी फायर वॉचर नेमणे, ब्लोअर दुरुस्त करणे ही कामे साधारणपणे त्या तारखेभोवती फिरतात. ही तारीख पानगळीच्या जंगलासाठी ठरवलेली आहे. साग, ऐन, धावडा यांची पाने पडून जमिनीवर थर जमायला फेब्रुवारी उजाडतो हे खरे. पण नगरच्या गवताळ डोंगरांचे जळण दोन महिने आधीच तयार असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वारा सुटला तर कागदावर हंगाम नसतो, वॉचर नसतो, जाळरेषा नसते. गवत मात्र असते. आमच्या मते या जिल्ह्यापुरता हंगाम १५ डिसेंबरला सुरू केला पाहिजे, निदान गर्भगिरी, पारनेरची पठारे आणि रेहेकुरीसारखी माळराने यांच्यासाठी. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरचेही नाही. वाऱ्यावर स्वार झालेल्या गवताच्या आगीला एवढे अंतर तोडायला एक दुपार पुरते. काळवीट पळून जाईल, पण माळावर जमिनीलगत राहणाऱ्या जिवांना आणि पुढच्या पावसापर्यंतच्या चाऱ्याला पळता येत नाही.

अकोले तालुक्याची गोष्ट वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालचे, साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून मोठे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या त्याच्या पोटात आहेत. तिथे भातरोपांसाठी राब भाजतात आणि त्यावरून ‘आदिवासीच जंगल पेटवतात’ असा सोपा निष्कर्ष शहरात काढला जातो. तो आम्हाला मान्य नाही. राब हा आखून, माती टाकून, स्वतःच्या खाचरात भाजला जातो आणि भाजणारा त्याच्यापाशी उभा असतो. हिरड्यावर ज्यांचे घर चालते, ते हिरड्याचे झाड कशाला जाळतील? वणवा विझवायला ओल्या डहाळ्या घेऊन सर्वांत आधी धावतात तेही याच वाड्यांतले लोक. जाळ केल्याने पुढच्या पावसात गवत जोमाने येते ही समजूत मात्र अनेक तालुक्यांत, सर्व समाजांत आहे आणि तिच्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. जाळल्यावर पहिला फुटवा हिरवागार दिसतो, पण दर वर्षी जाळलेल्या माळावर चांगल्या प्रतीचे पवन्या-मारवेल मागे पडते, कुसळ माजते आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात वाहून जाते.

अभयारण्यात थंडीच्या दिवसांत जो नवा जाळ वाढला आहे, तो पर्यटकांचा आहे. भंडारदऱ्याच्या काठावर, पाचनईच्या वाटेवर, हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर ३१ डिसेंबरला तंबूंच्या रांगा लागतात आणि गारठ्यात शेकोटी हा सहलीच्या जाहिरातीचा भाग झालेला असतो. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहकांची एक तुकडी वणव्यात सापडली. वाळलेले गवत, खडी चढण, फिरता वारा. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. आग चढणीवर धावते, चढ दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब वनकर्मचारी जाणतात. शनिवार-रविवारी शहरातून आलेल्या मुलामुलींना तो कुणी सांगत नाही. हरिश्चंद्रगडाच्या उतारांवर पर्यटक अशा आगीच्या वर सापडले तर त्यांना खाली आणायला कुठला बंब येणार आहे? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे, भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनातही आहे. वाऱ्याचा इशारा असेल त्या रात्री अभयारण्यात आणि त्याच्या वेशीवर उघड्या जाळाला बंदी आणि गडमाथ्यावर मुक्कामाला मनाई, एवढा निर्णय जाहीर करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. स्थानिक तंबूवाल्या तरुणांचा रोजगार त्यात बुडू नये म्हणून बुकिंगचे पैसे पुढच्या तारखेला वळवून देण्याचा नियमही त्याच आदेशात घालता येईल.

आगीत दिशा बदलणारा वारा काय करतो, याचे अलीकडचे मोठे उदाहरण टेक्सासचे आहे आणि ते आपल्यासारख्याच गवताळ, गुरांच्या मुलखातले आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे कुजलेला विजेचा एक खांब मोडला आणि गवत पेटले. पश्चिमेच्या वाऱ्याने आग पूर्वेकडे लांबच लांब धावली. दुसऱ्या दिवशी थंड हवेची आघाडी आली, वारा एकदम उत्तरेचा झाला आणि त्या लांब आगीची दक्षिणेची सगळी बाजू एकाच वेळी पुढे सरकू लागली. तोपर्यंत जी आगीची कूस होती, तीच तोंड झाली. दहा लाख एकरांहून अधिक गवताळ प्रदेश जळाला, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. दोन माणसे आणि हजारो गुरे गेली. दोनच दिवसांनी त्या राखेवर बर्फ पडला. तिथले आकडे आपल्याकडे येणार नाहीत, आपली शेते तुकड्या-तुकड्यांची आहेत, मधे रस्ते आणि नांगरट आहे. पण वारा फिरल्यावर आगीची बाजू आघाडी होते हा नियम पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या माळालाही तितकाच लागू आहे. डहाळ्या घेऊन आगीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांचा जीव या एका माहितीवर अवलंबून असतो. आग विझवायला जाणाऱ्याने आधी जळून काळी झालेली जमीन कुठे आहे ते पाहावे, पळायची वाट तिकडून ठेवावी, चढाच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नये. ही वाक्ये शाळेत, ग्रामसभेत, तरुण मंडळात सांगितली गेली पाहिजेत.

जिल्ह्याजवळ साधने नाहीत असे आम्हाला वाटत नाही, ती एकमेकांना जोडलेली नाहीत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके ओळखते आणि नाव नोंदवलेल्या कुणालाही मोबाइलवर कळवते. ही नोंदणी सरपंच, पोलीस पाटील, वनव्यवस्थापन समितीचे अध्यक्ष अशा सगळ्यांनी करावी. उपग्रह मात्र ठरलेल्या वेळी डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मधे पेटून विझलेली गंजी त्याला दिसत नाही, म्हणून गावचा डोळा लागतोच. जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. चोर आले, बिबट्या दिसला की एका कॉलवर गावातल्या सगळ्या फोनवर आवाज पोहोचतो. तीच यंत्रणा आगीसाठी वापरण्याचा सराव व्हावा. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक गावच्या चावडीवर मोठ्या अक्षरांत असावा. अनेक कारखान्यांकडे स्वतःचे बंब आहेत, बागायतदारांकडे ट्रॅक्टरवरचे फवारणीचे ब्लोअर आणि हजार-दोन हजार लिटरच्या टाक्या आहेत. वाऱ्याच्या दिवशी त्या टाक्या भरून ठेवाव्यात, असे सांगायला काय हरकत आहे? नगरपालिकेचा बंब तालुक्याच्या गावाहून निघून वाडीवर पोहोचेपर्यंत जे करायचे ते याच टाक्यांनी करायचे आहे.

आणि गवत. जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली तेव्हा गवत उभे वाळू द्यायचे असे ठरवले नव्हते. विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली, त्या गवतावर दूध वाढले. राखलेले कुरण वेळेवर कापले तर चारा घरात येतो आणि डोंगरावरचे जळण कमी होते. राखले पण कापले नाही, तर ते कुरण वणव्याची वाट पाहत उभे राहते. वनविभागाने दिवाळीनंतर गवत कापणीचे परवाने वेळेवर आणि अल्प शुल्कात दिले, तर ज्या पट्ट्यात कापणी झाली तोच पट्टा जाळरेषेचे बरेचसे काम करील. धवळपुरीसारख्या गावांतले मेंढपाळ कोणत्या महिन्यात कुठे असतात याचा विचार त्या परवान्यात झाला पाहिजे. त्यांना वनातून हाकलून देऊन गवत वाळू देण्यात कुणाचेच हित नाही.

हे सारे जुळवून आणण्याची जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आणि त्याचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांची आहे. अभयारण्य नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे, बाकीचे डोंगर प्रादेशिक वनविभागाकडे, तारा महावितरणकडे, तळ कारखान्याकडे, सल्ला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे, अंदाज हवामान खात्याकडे. प्रत्येकाने आपापले काम केले तरी एकाचा निरोप दुसऱ्याला वेळेवर मिळत नसेल तर गंजी जळतेच. म्हणून पहिली बैठक संदेशाच्या मजकुराची घ्यावी. टेबलाभोवती हवामान खाते, कृषी विद्यापीठ, महावितरण आणि वनखाते असावे, आणि थंडीचा पुढचा संदेश चौघांनी मिळून लिहावा. तो साधारण असा असावा:

‘आज आणि उद्या उत्तरेचा जोराचा वारा राहील. या दोन रात्री बांधावर जाळ करू नये, त्याचा पिकाला उपयोग होणार नाही. पिकाला पाणी द्यावे. परवा वारा पडल्यावर धूर करता येईल. पहाटेची शेकोटी उठताना पाणी ओतून विझवावी आणि राख हाताने चाचपून पाहावी. कडब्याच्या गंजीपासून आणि कोप्यांपासून जाळ लांब ठेवावा. सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत बांध, पाचट, कचरा पेटवू नये. तारा घासताना दिसल्या तर वायरमनला लगेच कळवावे. डोंगरावर धूर दिसला तर १९२६. ट्रॅक्टरच्या टाक्या भरून ठेवाव्यात.’

हा मजकूर मोबाइलवर तर यावाच, पण ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी तो गावच्या मंदिरातल्या ध्वनिक्षेपकावरून सायंकाळच्या हरिपाठाआधी वाचला जावा, आणि ऊसतोडीच्या तळावर मुकादमाने तो टोळीला वाचून दाखवावा, लेकरे झोपण्याच्या आधी.